सहा काहिली

सकाळी मुख्य सभागृहात
समईची वात पंख्यानं तीनदा विझली.
संभाव्यतेचे प्राध्यापक हळूच म्हणाले,
"तीनदा विझली म्हणून चौथ्यांदा टिकेल, असं काही नाही."
मागच्या रांगेत आम्ही हसलो. कुणीतरी पंखा बंद केला.
मग बीजभाषण: अनंत मितींचं अवकाश,
आणि त्यात दोन बिंदू जवळ असणं म्हणजे नेमकं काय.
चहापर्यंत मला कळत होतं.

माझं सत्र समांतर तिसरं, खोली दोनशे चार,
वेळ चार वाजून चाळीस.
समांतर म्हणजे कुठंच न भेटणारं;
शेजारच्या टाळ्या भिंतीतून येत होत्या.
माझ्याकडे सातजण, पांढऱ्या रश्श्यानं जडावलेले,
त्यातले दोघे प्रोजेक्टरच्या वायरीशी झटत,
आणि एक खरगपूरहून पडद्यावर,
तोंड उघडं ठेवून गोठलेला.
अध्यक्ष शिरगुप्पे सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून
टेबलावर ठेवलं.

विषय: काहिलीतला रस गूळ कधी होतो.
वडणग्याच्या एका गुऱ्हाळातल्या दोनशे अठरा काहिली,
दर दहा सेकंदांनी फोटो, फेसाचा रंग, बुडबुड्यांचा आकार,
आणि प्रत्येकीपुढे एक खूण:
हिंदुराव चौगुले "उतरा" म्हणाले तो क्षण.
त्यांनी थेंब गार पाण्यात सोडायचा,
बोटांनी गोळी वळायची,
मी मोबाईलचं बटण दाबायचं.
दोन हंगाम माझ्या ओढणीला मळीचा वास.

यंत्र शिकलं. त्र्याण्णव टक्के.
तक्त्याखाली बारीक अक्षरांत:
सहा काहिली विक्षिप्त, सबब वगळल्या.

"प्रश्न?" सर म्हणाले, घंटीवर बोट ठेवून.
शेवटच्या बाकावरून हात वर आला.
मीच बोलावलं होतं त्यांना.
टोपी, मांडीवर नवी फाईल, खिशाला परिषदेचं पेन,
गळ्यात बिल्ला. नोंदणीच्या टेबलावर अफसाना मुजावरला
नावाआधी काय लिहावं सुचेना,
तिनं 'प्रा.' लिहिलेलं.

"बाई, त्या सहा कुठं गेल्या?"

वगळल्या, मी म्हणाले. सरासरीपासून फार लांब होत्या.

"लांब कुठल्या? माझ्या हातातल्याच की.
एक शिमग्याच्या आदल्या दिवशीची,
मी तापानं फणफणलेलो, बोटाला चटका कळंना.
दोन पुरात बुडालेल्या उसाच्या,
त्यो गूळ धरतच न्हाई, कितीबी आटवा.
एकीला जळव्या नवा हुता,
चुलवाणात वली चिपाडं कोंबली पोरानं.
पाचवीला मालक शेजारी हुबा ऱ्हाऊन
दराचं बोलत हुता.
सहावी..."
ते थांबले. टोपी काढली, परत घातली.
"सहावी का बिघडली ते अजून कळलं न्हाई.
तिच्यापायी रातभर जागलोय मी."

बाहेर मोर ओरडला.
खरगपूरचा गृहस्थ एकदम हलला,
"माझा आवाज येतोय का?"
कुणी उत्तर दिलं नाही.
सरांनी घंटी वाजवली नाही. घड्याळ मनगटावर चढवलं
आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं,
बराच वेळ.

समारोपाला सगळ्यांना प्रमाणपत्रं.
हिंदुरावांनी आपलं फाईलीत घातलं,
भिंतीवर लावलं तर धुरानं काळं पडंल म्हणाले,
आणि केएमटीच्या बसला धावले,
पेन खिशात आहे का ते चाचपत.

रात्री वसतिगृहावर लॅपटॉप उघडला,
सहा ओळी जागच्या जागी परत टाकल्या.
नव्वद. वर दशांशात थोडं.
पाच ओळींपुढे कारणं लिहिली, त्यांच्याच शब्दांत:
ताप. पूर. पूर. वली चिपाडं. मालक.
सहावीपुढचा रकाना मोकळा.

उद्या फोन करून विचारायचंय
त्या दिवशी गोळी बघायचं पाणी
कुठल्या विहिरीचं होतं.