तीन मिनिटांचा दिवा

माझं काम दिव्याचं.
हिरवा, मग पिवळा, मग लाल.
मेन राज्याच्या विधान भवनात, चौथ्या मजल्यावर,
समितीपुढे जो कुणी बोलायला येतो
त्याला मी तीन मिनिटं देते.
माझ्या पदरचं काही जात नाही.

फेब्रुवारीतला मंगळवार. बाहेर गुडघाभर बर्फ,
आत रेडिएटर खडखडतोय,
खुर्च्यांच्या पाठींवर ओले कोट.
विधेयक बाराशे सात:
रात्रपाळीला जादा पोलीस, थोडी पगारवाढ,
उत्तरेच्या जंगलात वायरलेसचे चार मनोरे.
मांडणारी ओडेट थेरियो, समितीतलीच,
बटाट्याच्या मुलखातून निवडून आलेली.
हातात कागद नाही. चष्मा कपाळावर.

"आमच्याकडे रात्री एक शिपाई, एक गाडी," ती म्हणाली,
"आणि मुलूख एवढा, की टाकी भरून निघालं
तरी परतताना काटा लाल रेषेवर.
माझ्या बहिणीने फोन केला
तेव्हा नवरा दार फोडत होता.
सत्तेचाळीस मिनिटं.
फोनवरच्या मुलीने तिला बोलतं ठेवलं.
सूप कसं करतेस, विचारलं.
वाटाण्याचं, हॅमचं हाड घालून.
गाडी पोचली तेव्हा
मुलगी अजून फोनवर होती.
बहीण नव्हती."

पिवळा लागायच्या आधीच ती थांबली.
उरलेला वेळ तसाच सोडून दिला,
ताटात घास टाकून उठावं तसा.

माझा जावई पोलिसात आहे.
घरी आला की बूट दाराबाहेर काढतो,
आणि आम्ही कुणी काही विचारत नाही.
हे इथे लिहायचं कारण नाही. तरी लिहिलं.

मग हॉदान वार्सामे. लुइस्टनहून, बसने.
डोक्यावरून जांभळा रुमाल, बर्फाने कडा भिजलेल्या.
"पोलीस नकोत असं मी म्हणत नाही.
दुकानाची काच फुटली तेव्हा मीच बोलावले.
आले. चहाही घेतला, वेलदोड्याचा.
पण कलम नऊ."

कलम नऊ म्हणजे दोनच ओळी:
चौकशी संपेपर्यंत
कॅमेऱ्यातलं चित्रण कुणालाही मिळणार नाही.

"अकरा मिनिटांचं ते चित्रण
मी चौदा महिने मागत होते.
चौदा महिने मला सांगितलं,
तुमच्या लिबानच्या हातात काहीतरी काळं होतं.
इन्हेलर होता तो.
निळा. मीच आणला होता."

लाल लागला.
आमच्याकडे लाल म्हणजे लाल.
राज्यपालांच्या मेव्हण्यालाही मी गप्प बसवलंय.
मी घसा खाकरला.
ओडेटने माझ्याकडे न बघता
समोरची फाइल उचलली, बाराशे सातचीच,
आणि दिव्यापुढे उभी केली.
कागदांच्या कडा तेवढ्या लाल दिसत राहिल्या.

हॉदान सात मिनिटं बोलली. टिपणात मी तीन लिहिली.

कलम नऊ गाळायची दुरुस्ती
ओडेटनेच मांडली.
पाच विरुद्ध आठ. पडली.
शेजारचा म्हणाला, कलम गेलं तर आमची मतं गेली,
मग बांधा तुमचे मनोरे बटाट्यांनी.
कुणीतरी हसलं.

मग मूळ विधेयक. नावं मीच पुकारते.
"थेरियो?"
त्या क्षणी रेडिएटरही थांबला
असं लिहिलं तर खोटं होईल.
तो खडखडतच होता.
"हो."

नंतर कॉरिडॉरमध्ये, बिस्किटांच्या मशीनपाशी,
मी त्यांना बघितलं.
ओडेटने विधेयकाच्या प्रतीमागे
स्वतःचा नंबर लिहून दिला. घरचा.
म्हणाली, "पुढच्या सत्रात ते कलम मी पुन्हा..."
हॉदानने आकडे बोटाने वाचले, एकेक,
किमतीच्या चिठ्ठ्या तपासाव्यात तसे.
"रात्री फोन केला, तर
किती मिनिटांनी उचलाल?"

ओडेटने चष्मा कपाळावरून काढला,
पुसला,
परत तिथेच ठेवला.

बस पाच दहाची होती.
हॉदानने कागदाची घडी घातली,
छापील बाजू आत,
आकडे बाहेर.