पान एकशे पंधरा

माझ्या दुकानातलं सगळ्यात महाग पुस्तक
अजून कुणीही वाचलेलं नाही.
पानं जोडलेलीच आहेत, छापखान्यातून आली तशी.
सुरी लावली की किंमत निम्मी.
पहिल्या कोऱ्या पानावर लेखकाची निळी, तिरपी सही,
खाली एका समीक्षकाचं नाव, "आदरपूर्वक".
समीक्षकानं आदरपूर्वक ते
त्याच आठवड्यात रद्दीत विकलं असावं.

मंगळवारी मादाम ओदेत शाव्हानी आल्या.
ल्याँच्या या चढावर धापा टाकत,
हातात कांद्याच्या पातीची पिशवी.
म्हणाल्या, काचेतलं ते दाखवता?
मी हात पुसायला रुमाल दिला. त्यांनी पुसले.
सहीकडे पाहिलंसुद्धा नाही.
"एकशे पंधरावर मासा आहे का?"

आमच्या धंद्यात हे चार-पाच जणांनाच ठाऊक.
फ्रेंचमध्ये विष आणि मासा यांत एका 'एस'चं अंतर.
पहिल्या आवृत्तीत तो एक जास्तीचा पडला,
आणि नायिका, पत्र जाळून, दार लावून,
ग्लासभर मासा प्यायली.
दुसऱ्या आवृत्तीत तिला विष मिळालं.
म्हणून मासा असेल तरच पहिली, तरच नऊ हजार युरो.

"तो मी घातला," म्हणाल्या.
सत्तावन्न साल. एकोणीस वर्षांची जुळारी.
खिळे उचलता उचलता खिडकीतून
कुणीतरी शीळ घातली होती.
"दोन दिवसांचा पगार कापला.
शीळवाला पुढे नवरा झाला, तो वेगळा खर्च."

मी दिवा आणला.
जोडपानं अलगद फुगवली, पाकीट फुगवावं तशी,
आणि आम्ही दोघं, गालाला गाल लागेल इतके वाकून,
आत डोकावलो.
अंधारात, तळापासून चौथ्या ओळीत,
होता.

मी पेन पुढे केलं. नाही म्हणाल्या.
"त्यानं किती सह्या केल्या? चाळीस?
मी आठशे प्रतींत आहे."
मग पिशवी उचलून बससाठी निघाल्या;
पातीचा वास मागे राहिला, मी काच उघडीच ठेवली.

रात्री सूचीत नोंद बदलली:
लेखकाची स्वाक्षरी. पाने न कापलेली.
पृष्ठ ११५, मासा: ओदेत शाव्हानी.

आज जिनिव्हाहून एका ग्राहकाचा फोन.
ही शाव्हानी कोण, विचारत होता,
आणि तिच्यामुळे
काही कमी होईल का.