माया

धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंनी जांभळ्या पेनाने
काखेपासून कोपरापर्यंत एक रेघ ओढली, मग दुसरी.
मधे जे उरलं, माशासारखं निमुळतं,
ते जाईल म्हणाल्या.
खूण राहील, पण आतल्या बाजूला.
हात वर केला नाही तर कुणाला दिसणार नाही.

हात वर केला नाही तर.

माझी चक्की आहे मानेवाड्याला.
दिवसातून शंभरदा मी डबा उचलते,
डोक्याच्या वर नेऊन चाड्यात ओतते.

एकसष्ट किलो उतरले दोन वर्षांत.
मला वजन कट्ट्यांत कळतं.
एक भरलेला कट्टा गहू, आणि वर
हेडाऊबाईंचा ज्वारीचा डबा.
एवढं अंगावर घेऊन मी जिने चढत होते
आणि लोक म्हणत, बाई नुसती बसून असते.

गहू गेला, पोतं राहिलं.
डबा रिकामा होतो, मी थांबते,
दंडाखालचं कातडं मात्र हलत राहतं जरा वेळ,
मोटर बंद केल्यावर पट्टा फिरतो तसं.
घडीत पीठ साचतं. उन्हाळ्यात त्याची कणीक होते,
घामोळं उठतं, रात्री कूलरसमोर
मी दोन्ही हात वाळत घातल्यासारखी पडते.

जाऊ म्हणाली, एवढं केलंस तर तेही कापून टाक.
व्यायामाने जाईल, म्हणाला जिमवाला पोरगा.
मग त्याने दंड दाबून पाहिला आणि गप्प झाला.
आत दगड आहे, वीस वर्षांच्या डब्यांचा.
नवरा काहीच म्हणाला नाही.
झोपेत मात्र तोच मऊ भाग मुठीत धरतो,
गाडीत लोक पिशवी धरून झोपतात तसा.

एक लाख सत्तर हजार.
दीड महिना काही उचलायचं नाही.
तारीख मिळाली ती ऐन एप्रिलातली,
पापडाचे उडीद, सरगुंड्यांचा गहू,
रांग पार रस्त्यापर्यंत.
मी तारीख खोडली नाही. दिवाळीनंतर, म्हटलं.
फोनवरच्या मुलीने विचारलं, नक्की ना?
बघू, म्हटलं.

खरं सांगायचं तर मला ते आवडतं असं नाही.
आरशात अजून वाटतं,
कुणी जाडी बाई हे माझ्याकडे ठेवून गेली आहे,
येतेच परत म्हणून.

पुतण्याच्या लग्नासाठी ब्लाउज टाकायला
महालात गेले, कौतिकाबाईंकडे.
वीस वर्षं त्यांनी माझे ब्लाउज उसवले,
दर दिवाळीला आतली माया सोडत आल्या,
सोडायला काही उरेना तोवर.
त्यांनी दंडाला टेप लावली,
कातडं ओढून धरून मोजलं, मग सोडून मोजलं.
वहीत दोन आकडे लिहिले.

"बाही कोपरापर्यंतच ना तुही?"
बाहेर चव्वेचाळीस आहे, म्हटलं. आखूड करा.
अजून. अजून थोडी.
"हात वर केला का दिसन बरं."
दिसू द्या.
"अन् माप कोन्तं घेऊ?"
सोडलेलं.

कापडावर खडू फिरला, थांबला.
"आत माया ठिवू का मंग? आता कायले लागते तुले?"

ठेवा, म्हटलं.
त्यांनी कात्री रेघेच्या जरा बाहेरून चालवली.