ओळखपरेड

महाप्याच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर,
अंधाऱ्या खोलीत माझं काम एवढंच:
बशीतल्या पेशींना विचारायचं, तू कोण?

नमुना क्रमांक एकेचाळीस.
गोठिवलीचा जयदास मढवी, वय तेवीस,
ठाण्यात चौथ्या थरावरून खाली आला
आणि पाठीच्या बाराव्या मणक्याशी
मेंदूचा निरोप अडकला तो अडकलाच.
त्याच्या नाकातून, अगदी वरून, भुवयांच्या मागून
तुरीच्या डाळीएवढा तुकडा काढून आणलाय.
त्यात ती असते
जी वासाच्या तंतूला कुशीत घेऊन
थेट मेंदूच्या आत नेते,
दारात सोडून परत फिरत नाही.
हे तंतू जन्मभर मरतात, जन्मभर नवे उगवतात,
आणि ही दर वेळी वाटेवर उभी.
कण्यातल्या तंतूंना असं कोणी भेटत नाही.
म्हणून तिला उचलून पाठीत लावायचं.
म्हणून तिला आधी ओळखायचं.

पण बशीत सगळ्या सारख्याच,
लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या,
पत्र्यावर सुकट पसरावी तशा.
पी-पंचाहत्तरचा रंग लावला की ही हिरवी चमकते
आणि ती दुसरीसुद्धा.
श्वान पेशी.
पहिल्या वर्षी मला वाटलेलं, हीच असणार वास काढणारी,
नावच सांगतंय.
निघालं एका जर्मन माणसाचं आडनाव,
कुत्र्याचा काही संबंध नाही.
श्वानही बिचारी वाईट नाही,
हातापायांच्या तंतूंवर तीच पांघरूण घालते.
फक्त मेंदूच्या उंबऱ्याशी आली
की आतली मंडळी अंग चोरून बसतात.

शेजारच्या यंत्रावर रेहाना तुंगेकर.
"एस-शंभर?"
"दोघींत."
"सॉक्स-दहा?"
"दोघींत."
मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणते,
"माझ्या आत्याला जुळ्या मुली होत्या.
दिवे गेले की टाळूचा वास घेऊन
ती नावानं हाक मारायची."
आमच्या यंत्राची किंमत पावणेदोन कोटी.
नाक नाही त्याला.

संमतीपत्रावर सही करायला आला होता जयदास,
चाकांच्या खुर्चीतून, गळ्यात अजून पथकाची शिट्टी.
एवढा वेळ कशाला लागतो, मी समजावत होते,
तर मलाच म्हणाला,
"वरच्याला खालचा कोन हाय ता दिसत नाय, ताय.
पायाला खांदा कललं पायजे."

नवव्या दिवशी मोजणी.
शंभरात एकसष्ट ओळखू आल्या.
उरलेल्या एकोणचाळीस कोण,
त्यांनाच ठाऊक.
आमच्या नियमात पंच्याऐंशी लागतात.
एकसष्ट म्हणजे फर्स्ट क्लास, माझे बाबा म्हणाले असते,
आणि पेढे आणले असते.
मी रकान्यात नामंजूर लिहिलं,
ज अगदी वळणदार आला, याची लाज वाटली.

बशी ब्लीचमध्ये बुडवली.
मास्कच्या आतही तो वास शिरला, डोळ्यांत पाणी आणणारा,
म्हणजे माझ्या भुवयांच्या मागेही ती असणार,
कुणी न ओळखता कामावर.

दीड महिन्यानं फोन.
"ताय, मना वास आयला."
कसला रे?
"खाडीचा. ओहोटी लागलेय ना, त्या चिखलाचा.
आन त्याच्या मागनं रबाळ्याच्या कंपनीचा, घान."
इतका खूश होऊन घाण म्हणताना
मी कुणाला ऐकलं नव्हतं.
पायांचं त्यानं काढलं नाही.
मी वही ओढली, पेन उघडलं,
विचारलं, कुठल्या नाकपुडीनं?
तो गप्प झाला.
एक बोट लावून बघतोय, मग दुसरं,
श्वास ऐकू येत होता,
मागे कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती.
"जी कापली ना," म्हणाला,
"तीच."