भिंतीला कान

रावेन्नात मार्च महिन्यात दोन गोष्टी येतात:
धुकं, आणि शाळांच्या बसगाड्या.
धुकं निदान पाय पुसून आत येतं.

मी ओनोरिना. या चर्चमधला झाडू माझा, किल्ल्या माझ्या,
वेदीखालच्या खिडकीपाशी ठेवलेली वेताची खुर्ची माझी.
खिडकीतून वाकून पाहिलं की खाली तळघर,
तळघरात गुडघाभर पाणी,
पाण्याखाली कुणी कधीकाळी एकेक करून बसवलेले रंगीत खडे
आणि खड्यांवरून हिंडणारे आमचे नारिंगी मासे.
पेटीत एक युरो टाकला की दिवा लागतो.
किती वेळ?
एक प्रार्थना सावकाश म्हणून होते, दुसरी अर्ध्यात विझते.

त्या दिवशीची पोरं काम्पोबास्सोची. तंत्रशाळेची. एकोणतीस.
रात्रभर बसमध्ये जागलेली, खिशात बिस्किटांचा चुरा,
कानात वायरी, एकमेकांच्या गळ्यात हात.
त्यांच्या ताम्बुर्रीनोबाई, बसलेला आवाज, उंच धरलेली पिवळी छत्री,
एका दमात तीन सम्राट आणि दोन भूकंप सांगून मोकळ्या.
इंकोरोनाता नावाच्या मुलीनं नाणं टाकलं.
दिवा लागला, सगळे हात वर.
फोनांनी मासे पाहिले, पोरांनी फोन पाहिले.

मी काही बोलत नाही.
मीही सतराव्या वर्षी शाळेसोबत फ्लॉरेन्सला गेले होते,
आणि त्या अख्ख्या शहरातलं मला आज आठवतं
ते फक्त एर्कोलेचं नवं जाकीट.

दिवा गेला. पोरं गेली.
त्यांचा कलकलाट दाराबाहेर सांडला.
एक उरला.
खिडकीकडे पाठ, कान भिंतीला.

म्हटलं, बाळा, बघायचं तिकडे आहे.
त्यानं ओठांवर बोट ठेवून मलाच गप्प केलं.
माझ्याच चर्चमध्ये!
मग हळूच विचारलं, "पंप कुठे बसवलाय?"

बावीस वर्षं लोक विचारतात,
मासे खरे का, संडास कुठे, खडे सोन्याचे का.
पंपाचं कुणी विचारलं नव्हतं.
सांगितलं, आमचं गाव खचतंय, केसाकेसानं.
पाणी खालून वर येतं, पंप ते उपसतो,
सगळं नाही, वाढलं तेवढंच.
"सगळं का नाही?"
मग मासे कुठे जातील, मी म्हटलं.
हे काही उत्तर नव्हे, मला ठाऊक आहे.

नाव निकांद्रो. बापाचं मोटारी दुरुस्तीचं दुकान.
"ऐका," म्हणाला, "खर्र, खर्र, आणि मग एक ठेच.
परत खर्र. परत ठेच.
बेअरिंग गेलंय. उन्हाळा काढणार नाही."
मी ऐकलं. तशी रोजच ऐकत होते.
मला वाटायचं इमारतीचाच श्वास आहे तो,
एवढं वय झालंय, धाप लागायचीच.

बाहेरून बाईंची हाक, "निकांद्रोऽ! बस!"
त्यानं तिकिटाच्या पाठीवर एक नंबर खरडला,
चार आकडे, आडवी रेघ, आणखी दोन आकडे,
माझ्या हातात कोंबला आणि पळाला.
मासे त्यानं पाहिलेच नाहीत.
एप्रनच्या खिशात माझा एक युरो होता;
तो चाचपून काढेपर्यंत
पिवळी छत्री धुक्यात विरघळली.

मेकॅनिक आला मे महिन्यात, चौदा फोन केल्यावर.
त्यानं पंप उघडला, तिकीट वाचलं,
परत पंपात डोकावला.
"हे कुणी लिहून दिलं?"
काम्पोबास्सोचे एक विद्वान येऊन गेले, मी म्हटलं.

आता पंप चालतोय की नाही, कळतच नाही.
इतका मुका, की मला करमेनासं होतं
आणि मधूनच खुर्चीतून उठून
मी भिंतीला कान लावते.
काल एक जर्मन बाई मला पाहून थबकली.
हातातलं नाणं तिनं पर्समध्ये परत ठेवलं,
आणि काही न विचारता
माझ्या शेजारी उभी राहून
तिनंही कान लावला.