तपासले, ही चौकट रिकामी

सातपूरच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या.
ट्रेसिंग पेपर, काळी शाई, शून्य पॉइंट तीनचं पेन.
चुकलं तर अर्ध्या ब्लेडनं हळूच खरवडायचं,
कागद फाटू न देता.
खाली उजव्या कोपऱ्यात चौकटी असत :
आखले, गिरवले, तपासले, मंजूर.
माझी दुसरी. बाकीच्यांत साहेब लोक.

आता पाथर्डी फाट्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये
मीटरच्या खोलीला खेटून
एक लहानशी मिलिंग मशीन आहे, माझी,
पीएफच्या पैशातून आलेली.
सेक्रेटरींना सांगितलंय, शिलाई मशीनसारखीच आहे.
आवाजावरून त्यांना पटलेलं नाही.

करायचंय वाफेचं इंजिन,
तळहातावर मावेल एवढं.
त्याने पाणी चढणार नाही, दिवा लागणार नाही.
ते फक्त फिरेल.

पण आधी चित्र. आणि चित्राच्याही आधी,
काढू कशात?

भाच्याने, सलीलने, सुचवलेलं पहिलं
फुकट आणि देखणं.
दर वर्षी विचारतं : अजून छंदच ना?
पैसे तर नाही ना कमवत?
नाही रे बाबा, म्हणून खूण करायची.
दहाच चित्रं जागी ठेवायची,
अकरावं उठवायचं तर एकाला झोपवायचं.
आणि फाईल कुठे असते?
ढगात, म्हणाला.
सलील, त्र्यंबकच्या डोंगराला अडलेले ढग
इथवर येतात ते रिकामे होऊन.
त्यांच्या भरवशावर फ्लायव्हील ठेवू?

दुसरं कुणाच्याच मालकीचं नाही.
उघडतं ते जेवणाच्या सुट्टीत उठवलेल्या कारकुनासारखं.
एका कडेला गोलाई दिली,
मग मागे जाऊन एक भोक दोन मिलिमीटर सरकवलं,
तर गोलाई उठून भलत्याच कडेवर जाऊन बसली.
शोधून परत आणली. तीनदा.
कुठली कुठली माणसं रात्री जागून
हे दुरुस्त करत असतात म्हणे, पगाराशिवाय.

तिसरं स्वस्त. एकदाच पैसे, नुसत्या सपाट रेघा.
ते लावलं आणि माझा डावा हात
आपोआप टी-स्क्वेअर चाचपू लागला.
साडेतीन हजार.
चार दिवस घेऊ-नको करत राहिले.
तेवढ्यात चांगले दोन कार्बाइड कटर येतात.

मग माळ्यावरून पत्र्याची नळी काढली.
आत शहाऐंशी सालचा एक कागद,
रद्द झालेल्या पंपाचं झाकण.
दोरा सोडला, उलगडला.
पासवर्ड मागितला नाही.
कोपऱ्यात गायधनी साहेबांच्या कपाचा डाग,
व्यास अंदाजे सत्तर,
टॉलरन्स अमर्याद.

असं उघडणारं हवं होतं.
दुसरं ठेवलं.

पहिल्याच आठवड्यात माप इंचात राहिलं,
साठचं फ्लायव्हील पाच फुटी झालं,
आमच्या लिफ्टमध्येही मावलं नसतं.
एकटीच हसले, मग दार लावून घेतलं.

भद्रकालीतल्या अश्फाकभाईंनी
पितळेचा तुकडा किलोच्या भावाने दिला,
कुठल्याशा जुन्या व्हॉल्व्हचा.
कशाला हवाय, विचारलं. सांगितलं.
काही न बोलता त्यांनी तराजूवरून तो उचलला,
आणि आतून दुसरा आणला,
बिनभेगेचा.

काल चित्र पुरं झालं. कोपऱ्यात चौकटी काढल्या,
कुणी मागितल्या नव्हत्या तरी.
आखले : हे. धा.
गिरवले : ही पुसूनच टाकली.
मंजूर : हे. धा., जरा थांबून.
तपासले तशीच ठेवली.
ते पितळेने बघावं.

रात्री साडेदहाला भोक पाडलं.
दंडा तोंडाशीच अडला.
शून्य पॉइंट एक कमी.
सेक्रेटरींच्या खिडकीतला दिवा लागला,
मी मशीन बंद केली,
खिशातून पेन्सिल काढून
भिंतीवर आकडा लिहून ठेवला.