लाइन चेक

मला गाण्यांच्या फक्त सुरुवाती ठाऊक आहेत.
दुपारी चारला, ऊन अजून रिकाम्या खुर्च्यांवर बसलेलं असताना
कुणीतरी येतं, माइकवर टिचकी मारतं,
एक ओळ म्हणतं, दीड ओळ,
मग हात वर करतं:
माझा आवाज मलाच थोडा वाढवून द्या.
बस. पुढचं रात्री,
तिकीटवाल्यांसाठी.

दुबईत सात रात्री गाणं आहे,
पाच भाषांतलं,
आणि आम्ही अकरा जण केबलवाले:
मुकादम मुनाफ परकार, टेकबहादूर, बिजू,
पेशावरचा एक, ज्याला सगळे मास्तर म्हणतात,
का, ते विचारायचं राहूनच गेलं.
साडेसहाला आम्ही मैदानाबाहेर. बस. सोनापूर.
मुंबईला सोनापूर म्हणजे मसण.
हे मी इथे कुणाला सांगत नाही.
परकारला माहीत आहे, तो हसतो.

रात्री दीडला पुन्हा बस.
गाणी संपलेली,
खुर्च्यांखाली बाटल्या, एक चंदेरी सँडल,
हवेत ऊद.
ऊद जाळतात एवढंच मी शिकून आलो होतो.
इथे तो वाजवतातही.

केबल गुंडाळायची रीत असते:
एक वेढा सुलटा, एक उलटा,
नाहीतर पीळ बसतो
आणि ती जन्मभर सरळ बोलत नाही.

गुरुवारी बगदादचा तालवाला विमानतळावर अडकला.
मैदानाच्या मधोमध, बटणांच्या टेबलामागे नबील,
तोंडात न पेटवलेली सिगारेट,
ओरडला: कुणीही या, काहीही वाजवा,
मला फक्त आवाज हवाय!
परकारने माझ्याकडे बोट केलं.
मीच बोललो असेन, पगाराच्या रात्री कधीतरी,
की बाविसाव्या वर्षापर्यंत मी जाखडीत मृदंग वाजवायचो,
पालशेतच्या अलीकडच्या वाडीत,
भोवती आठ घुंगुरवाले, शेजारी शाहीर,
आणि समोरच्या तुरेवाल्यांना सवाल टाकला
की पहिली थाप माझी.

मृदंगाला दोन तोंडं, याला एकच.
डावा हात बराच वेळ दुसरं तोंड शोधत राहिला.
मग मुकाट्याने उजव्याशेजारी येऊन बसला.
आठ हजार खुर्च्या,
आणि नवव्या रांगेत खुर्च्या पुसणारी लुर्देस,
फडका हातात तसाच.
चार मिनिटं असतील.
आता घुंगुरवाले वळतील, आता बसतील,
आता उसळून उठतील…
नबील लांबून खुणा करत होता: जोरात. हळू. पुन्हा जोरात.
बटणं सरकवत होता.
मग अंगठा. पुरे.
मी समेवर आलोच नाही.
लुर्देस दहाव्या रांगेला लागली.

बगदादवाला साडेआठला पोचला म्हणे,
प्रवासाच्या बुटांसकट थेट स्टेजवर,
तपासायला वेळच नव्हता.
बिजूला त्या रात्री मागे थांबवलं होतं, तो सांगत होता:
लोक उभे राहिले,
पुढच्या रांगेतला एक पोरगा खुर्चीवर चढला
आणि बापाने त्याला उतरवलं नाही.

मी तेव्हा खाटेच्या वरच्या मजल्यावर, फोन कानाला:
पोरीची फी, विहिरीचा पंप, भावजयीचं काहीतरी.
‘गाणी ऐकता का तिकडे?’ बायकोने विचारलं.
म्हटलं, अर्धी अर्धी.
सांगायचं होतं, धड मांडता आलं नसतं,
की त्या माणसाच्या थापेने आज किती मोठं व्हायचं,
शेवटच्या खुर्चीपर्यंत कितपत पोचायचं
ते माझ्या हातावरून ठरलंय.
बटणं नबीलने सोडली तिथेच आहेत.

खरंच होती. शुक्रवारी पाहिलं:
बटणाशेजारी पांढऱ्या टेपचा तुकडा,
त्यावर पेन्सिलीची एक रेघ.

सोमवारपासून इथे गाड्यांचं प्रदर्शन, परकार म्हणाला,
सगळं साफ करा.
टेप मीच काढली.
उजव्या बोटाला चिकटली,
डाव्याने सोडवली तर डाव्याला.
बस आली तरी
माझं तेच चाललं होतं.